मनातल्या तीन फेऱ्या

एका उशीला अभ्रा चढला होता, दुसरा अजून हातातच होता, तेवढ्यात बसवाल्या ताईंच्या फोनवर झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आला.

शाळेची बस चालवता चालवता ताईंचे केस पिकले, पण बसला कधी ओरखडा नाही. गेल्या आठवड्यात मात्र लाल दिव्यापाशी त्यांचा डोळा लागला, आणि बसमध्ये बत्तीस पोरं. मागच्या हॉर्नने जाग आली. कुणाला पत्ताही नव्हता. त्यांनीच रजा टाकून डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी एका रात्रीसाठी यंत्र घरी दिलं: बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. रिपोर्ट चांगला आला की सोमवारी बस पुन्हा हातात.

"तासाला चार वेळा श्वास अडकला," ताईंनी वाचलं. "पाचाच्या आत म्हणजे नॉर्मल."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तू घोरतेस ते नुसतं मला छळायला."

ताई खालची ओळ वाचत होत्या. श्वास अडकला एकूण अठ्ठावीस वेळा. नोंद सात तासांची.

"सात तास मी झोपले कुठे?"

"मग काय करत होतीस?"

"बस चालवत होते."

पट्टा काचत होता, झोप येईना, म्हणून त्या पडल्या पडल्या मनात फेरी मारत होत्या. थांब्यामागून थांबा, बुटाची नाडी सुटलेल्या जुळ्यांसाठी थांबणंसुद्धा. एक फेरी एक तास दहा मिनिटांची. मनातही त्यांचा वेग चुकत नाही. तिसऱ्यांदा शाळेचं फाटक आलं, पुढचं आठवत नाही.

"म्हणजे साडेतीन तास जागी. यंत्राने तेही झोपेत धरले." झोप कधी लागली ते लिहायला डॉक्टरांनी कागद दिला होता. यंत्राला कळेलच म्हणून ताईंनी तो कोराच परत केला होता. "खरी झोप उरली साडेतीन तास. अठ्ठावीस भागिले साडेतीन. आठ."

"अगं, चार आलेत ते आठ कशाला करतेस? गपचूप सोमवारी बस काढ."

"पोरांच्या आया रोज दारातून हात हलवतात. तो भरवसा माझ्यावर असतो, या चारावर नाही."

नवऱ्याने हात पुढे केला. "आण तो अभ्रा इकडे. मी चढवतो."

श्वास देणारा देव. श्वास मोजताना स्वतःला सूट न देण्याची बुद्धीही त्यानेच ताईंना दिली असावी. त्यांनी चपला घातल्या. आधी शाळेत रजा वाढवायची, मग दवाखान्यात जाऊन तिथे रात्रभर झोपून करायच्या तपासणीची तारीख घ्यायची.