लॉकेटवरचं अक्षर

बेलव्ह्यूला आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक जपानी आजी राहायच्या. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. माझा व्हिसा डिपेंडंटचा, नोकरी करता येत नव्हती. त्यामुळे दुपारचा चहा मी बरेचदा त्यांच्याकडेच घ्यायचे.

२००५ साली त्यांच्या मदतीला एक चाळिशीची चिनी बाई यायला लागली. कामाला चोख, पण मला काही ती पटेना. औषधांच्या दुकानातून फोन आला की ही बेधडक सांगायची, "मी त्यांची मुलगी बोलतेय." मी गेले की आजी हमखास आत झोपलेल्या असायच्या.

तिच्या गळ्यात एक लाकडी लॉकेट होतं, त्यावर एकच अक्षर कोरलेलं: 娘. मी अर्थ विचारला.

"आई," ती म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

एकदा ती बाजारात गेलेली असताना मी आजींनाही विचारलं. लॉकेट त्यांनीच दिलेलं होतं, आणि ते अक्षर म्हणजे मुलगी. डावीकडे बाई, उजवीकडे चांगली, असं ते जपानी अक्षर त्यांनी टेबलावर बोटाने काढून दाखवलं.

म्हणजे बाई माझ्याशी चक्क खोटं बोलली होती. नवरा म्हणाला, "तू कशाला पडतेस त्यात, यार?" पण अपार्टमेंट आजींच्या मालकीचं होतं, आणि मला ते विसरता येईना.

शेवटी दोघी समोर असताना मी विषय काढलाच. बाई गोंधळली. चिनीत हे अक्षर आईसाठीच लिहितात, म्हणाली. मला आई समज, असं आजींना सांगायचंय असं तिला वाटलं होतं. आजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मग इतके दिवस तू मला आई समजून हे घालत होतीस?"

"तुम्हीच दिलंत ना," बाई हळूच म्हणाली.

पुढे आजींना जिना चढवेना, तेव्हा बाईने त्यांना आपल्या घरी नेलं. अपार्टमेंट विकलं गेलं आणि माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. मी न कळवता तिच्या घरी जाऊन थडकले. आजी खुर्चीत बसून मटार सोलत होत्या, आणि पायमोजे घातले नाहीत म्हणून बाई त्यांना मोडक्या इंग्रजीत रागावत होती. आजींनी मला शेजारी बसवलं आणि थोड्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.