नटावरची हिरवी रेघ

त्याला सगळे 'मीटर' म्हणत, आणि तोही त्याच नावाला ओ देई. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा व्होल्टेज मोजायचं यंत्र ठेवायचा. त्याच्या लाल-काळ्या वायरी खिशाबाहेर लोंबत असायच्या. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं त्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक आत येऊन म्हणायचं, "बॅटरी अगदी नवी आहे हो, दोष इन्व्हर्टरचाच," आणि हा मान डोलवायचा, पण तोवर हात खिशात गेलेला असायचा. बायको म्हणायची, "चहात साखर घातली म्हटलं तरी हे आधी चमचा फिरवून बघतात." तिच्या बोलण्यात तक्रार होती, पण फारशी नव्हती. अशा माणसाशी संसार करण्यात एक सुख असतं. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे तिला कधी उठून बघावं लागलं नाही. तो "हो" म्हणाला की ते झालेलं असायचं.

वडील गेले तेव्हा मीटरचा धाकटा भाऊ शाळेत होता. बायको नुकतीच लग्न होऊन आली होती. स्वतःचं मूल झालं नाही, तेव्हा तिने दिराचेच लाड केले, त्याचे डबे भरले, त्याच्या चाचणीचे मार्क नवऱ्यापासून लपवले. शाळा संपली तसं मीटरने त्याला दुकानात घेतलं आणि पहिला धडा दिला तो बॅटरीचा. "नुसत्या बसलेल्या बॅटरीवर विश्वास ठेवायचा नाही. मेलेली असली तरी मीटरवर बारा-साडेबारा व्होल्ट दाखवते, भरलेली असल्याचा आव आणते. तिच्यावर लोड टाक. पंखा लाव, फ्रिज लाव. मग बघ कशी बसते ती."

दुसरा धडा नेलपॉलिशचा. बॅटरीच्या टोकावर वायर बसवली, नट पान्याने आवळला, की त्या नटावरून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची. पुढे धक्क्यांनी नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते आणि कुठे सैल झालंय ते लांबूनच कळतं. मीटर बायकोची लाल बाटली वापरायचा. धाकटा कामाला लागला तेव्हा तिने त्याला हिरवी दिली. ती तिने हौसेने आणली होती आणि एकदा लावून बघितल्यावर नखं बुरशी आल्यासारखी दिसली म्हणून कपाटात टाकली होती. "घे भाऊजी, तुझी खूण वेगळी," ती म्हणाली. तेव्हापासून लाल रेघ म्हणजे मोठ्याचं काम, हिरवी म्हणजे धाकट्याचं. हिरवी बाटली संपली की ती दुसरी आणून द्यायची. नेलपॉलिश विकणारी बाई तिच्या आवडीला हसायची, पण ही कधी कारण सांगत बसली नाही.

मग तिच्या सांध्यांचं दुखणं निघालं. बोटं आखडायची, सकाळी मूठ वळायची नाही. त्यावर आठवड्याचं एक इंजेक्शन लागू पडलं, पण ते कायम गार ठेवावं लागे. एकदा गरम झालं की फेकून द्यायचं, आणि नवीन मागवायचं म्हटलं की वाट बघत बसायचं. झालं, तिचं बाहेर राहणंच बंद झालं. बहिणीच्या घरी गेली तरी संध्याकाळी परत. कुणाचा फ्रिज कसा, कुणाकडची वीज किती वेळ जाते, कोण चुकून डबा बाहेर काढून ठेवेल, याचा तिने धसकाच घेतला होता. "मी आता फ्रिजला बांधलेली बाई आहे," असं ती हसत म्हणायची, पण ते हसणं मीटरच्या जिव्हारी लागायचं.

म्हणून त्याने ट्रेलर घेतला. गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली, जुनीच, पण सांगाडा मजबूत. दुकानामागच्या अंगणात ती उभी राहिली आणि मीटर सुट्टीच्या दिवशीही तिथेच दिसू लागला. छपरावर सोलर पॅनल बसवलं. पलंगाखाली लोखंडी खोका केला, त्यात दोन नव्या कोऱ्या बॅटऱ्या, शेजारी इन्व्हर्टर, आणि कोपऱ्यात घरगुती छोटा फ्रिज. बॅटऱ्या त्याने स्वतः बसवल्या, लाल रेघा ओढल्या, फ्रिज, पंखा, दिवे सगळं एकदम लावून दिवसभर चालवून बघितलं. बायको दारात खुर्ची टाकून बसली होती. फ्रिजची घरघर ऐकून म्हणाली, "हा आपल्या घरातल्यापेक्षा शहाणा वाटतो." महिनाभर फिरायचं ठरलं. आधी तळं, मग डोंगर, मग जमलं तर समुद्र. दुकान धाकटा बघणार होता, अंगणाची किल्लीही त्याच्याकडेच असायची.

निघायच्या आदल्या दिवशी मीटर स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रेलरमध्ये शिरला. खोक्याचं झाकण उघडून पुन्हा एकदा सगळं बघायचं होतं. तेवढ्यात धाकटा आला. "दादा, मी सकाळीच बघून घेतलंय सगळं. तू कशाला कपडे खराब करतोस? जा, वहिनीला सामान भरायला मदत कर." मीटरने इन्व्हर्टरच्या पट्टीवर नजर टाकली. बॅटरी पूर्ण भरलेली दाखवत होती. ट्रेलर घरच्या विजेला जोडलेला होता, फ्रिज गार होता. त्याने स्क्रूड्रायव्हर परत खिशात घातला.

सकाळी इंजेक्शनांचा डबा फ्रिजमध्ये ठेवताना बायकोने विचारलं, "अहो, खोका उघडून बघितलात ना?"

"हो," तो म्हणाला.

वाटेत गाडीचा थोडाफार करंट मागे येत राहिला, म्हणून तिथवर काही कळलं नाही. दुपारी ते तळ्याकाठी पोचले. गाडी बंद केली, ट्रेलरचं दार ओढून घेतलं आणि दोघं पाण्याच्या कडेने चालत निघाली. तिने चप्पल हातात घेतली होती. कितीतरी वर्षांनी तिला घरी परतायची घाई नव्हती. तिने पाण्यात पाय बुडवले, एका दगडावर बसून शेंगदाणे खाल्ले, आणि परत फिरताना म्हणाली, "समुद्रालाही जाऊच या."

परतल्यावर दार उघडलं तर आत भट्टी झाली होती आणि इन्व्हर्टर टीं टीं करत होता. लाल दिवा लागलेला. फ्रिज बंद. तिने डबा बाहेर काढला, एक इंजेक्शन तळहातावर धरलं आणि मग त्याच्या हातावर ठेवलं. ते कोमट लागत होतं.

मीटरने ते परत डब्यात ठेवलं. त्याने पलंगावरची गादी उचलली, खोक्याचे स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. आत दोन बॅटऱ्या होत्या. बाहेरून तशाच, त्याच कंपनीच्या, पुसून लख्ख केलेल्या. पण दोन्हींच्या बाजू फुगलेल्या होत्या. जुनी बॅटरी अशी पोटातून फुगते, हे त्याला डोळे मिटूनही कळलं असतं. अशा बॅटऱ्या मधे असल्या की छपरावरचं पॅनल एकटं फ्रिज ओढत नाही. आणि प्रत्येक नटावर एक नीटस, सरळ, बारीक रेघ होती. हिरवी.

तो बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसला. एखाद्या भुरट्याने बॅटऱ्या काढल्या असत्या तर वायरी कशाही जोडून पळाला असता. याने नट पुरेपूर आवळले होते, वायरी सरळ वळवल्या होत्या, वर खूणही केली होती. हात शिकवल्याप्रमाणे चालला होता. मीटरला राग येण्याआधी रडू आलं. परक्याने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. इथे शिव्या कुणाला घालणार? धाकट्याच्या सगळ्या चांगल्या सवयी मीटरनेच लावलेल्या होत्या.

तळ्याकाठी दुसरा दिवस उजाडलाच नाही, ते रात्रीतच माघारी फिरले. वाटभर ती एवढंच म्हणाली, "भाऊजीने?" तो म्हणाला, "हो." हा "हो" खरा होता.

धाकट्याला दुकानाच्या अंगणात ट्रेलर दिसला तेव्हाच त्याचा चेहरा उतरला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत, तेवढं मात्र खरं. ते निघायच्या काही दिवस आधी एका मोठ्या शोरूमवाल्याला तातडीने बॅटऱ्या हव्या होत्या, माल आला नव्हता, गिऱ्हाईक हातचं गेलं असतं. ट्रेलरमधल्या काढून दिल्या. एक्स्चेंजमध्ये आलेल्या जुन्या चार्ज करून आत बसवल्या. "तुम्ही निघायच्या आत माल येईल आणि बदलून टाकीन असं वाटलं, दादा."

"आणि आला नाही तेव्हा?"

"तेव्हा धीर झाला नाही. आणि वाटलं, तू तर सगळं तपासतोस. खोका उघडशीलच. तुला दिसेल, तू चार शिव्या घालशील, विषय संपेल."

"मी उघडतच होतो," मीटर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता. तूच म्हणालास, मी बघितलंय, नको उघडूस. म्हणून मी नाही उघडला. जन्मात एकदा नाही उघडला. केसाने गळा कापलास रे."

मागच्या दारात बायको उभी होती. ती कधी येऊन उभी राहिली, ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिने दिराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि नवऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग ती आत निघून गेली.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. नवीन इंजेक्शनं यायला वेळ लागला आणि तिची बोटं पुन्हा आखडली. ब्लाउजचे हूक मीटर लावून द्यायचा, वेणी घालायचा, आणि ती वेणी संध्याकाळपर्यंत कधी टिकली नाही. ती त्यावर काही बोलायची नाही. पूर्वी बोलली असती, दोन टोमणे मारले असते. चहाही ती मुकाट्याने प्यायची. त्या "हो"बद्दल तिने त्याला एका शब्दाने विचारलं नाही, आणि त्याला आपणहून सांगायला तोंड नव्हतं.

बॅटऱ्यांचा माल आला त्या दिवशी धाकट्याने हातातलं काम टाकून ट्रेलर उघडला. जुन्या बॅटऱ्या काढल्या, नव्या बसवल्या. मीटर बाहेर उभा राहून बघत होता. नट आवळून झाल्यावर धाकट्याचा हात सवयीने खिशात गेला आणि हिरवी बाटली बाहेर आली.

"भाऊजी," बायको म्हणाली. ती अंगण ओलांडून ट्रेलरच्या पायरीशी आली होती. तिने आखडलेला हात पुढे केला. "ती बाटली मला दे."

"वहिनी, रेघा राहिल्यात."

"दे."

त्याने बाटली तिच्या हातावर ठेवली. तिची बोटं नीट मिटेनात, म्हणून तिने ती दोन्ही हातांनी धरली. धाकटा खाली उतरला, क्षणभर तिथेच घुटमळला आणि मान खाली घालून दुकानात गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

मीटर आत शिरला. पाना घेऊन त्याने एकेक नट पुन्हा तपासला. भावाचं काम असं मागून तपासायची त्याची ही पहिलीच वेळ होती. सगळे नट घट्ट होते. त्याने लाल रेघा ओढल्या, फ्रिज लावला, पंखा लावला, सगळे दिवे लावले, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "झालं. सगळं बघितलं. आता इंजेक्शनं ठेवायला हरकत नाही."

ती पायरीवर तशीच उभी होती. हिरवी बाटली तिने पदराच्या टोकात गुंडाळली होती. तिने त्याच्या खिशातून लोंबणाऱ्या वायरींकडे बघितलं.

"दाखवा," ती म्हणाली.