यम्माचा 'प'

इस्राएलमधल्या नेतान्याच्या त्या बालवाडीत सिम्खा ग्लिकमन नुसती मदतनीस होती, पण मुलं बाईंना सोडून तिच्याच मागे असायची, कारण ती आवाज काढायची. तपासणीला येणाऱ्या साहेबीणबाई नाकातून बोलत, तशी ती बोलायची. कोपऱ्यावरचा मासळीवाला गिऱ्हाइकावर खेकसायचा, तशी खेकसायची. आणि तिचा हुकमी एक्का म्हणजे तिची आई. आईला, गझालाला, 'प' म्हणता येत नसे. लिबियातल्या बेनगाझीच्या अरबीत 'प' नव्हताच, आणि इथे साठ वर्षं हिब्रू बोलूनही तो तिच्या ओठांवर काही बसला नाही.

"बोरांनो, बाव खा, बाणी ब्या," सिम्खा कमरेवर हात ठेवून म्हणाली, की मुलं गडाबडा लोळायची.

गझाला दोन गल्ल्या सोडून राहायची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

सिम्खा दहा वर्षांची असताना, शाळेत नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मरणदिनाला बाईंनी विचारलं होतं, "कुणाच्या घरचे तिथे होते?" सिम्खाने हात वर केला. "माझी आई. इटालियन शिपायांनी तिला नेलं होतं, जादोच्या छावणीत. वाळवंटात." बाई गोड हसल्या. "नाही गं राजा. तिथे म्हणजे युरोपात. हात खाली घे." तिने घेतला. पुढे लग्न झालं, दारावर नवऱ्याच्या ग्लिकमन या पोलंडकडच्या आडनावाची पाटी लागली, आणि कुणी काही विचारेनासं झालं. तिला ते बरंच वाटलं.

मग नगरवाचनालयाने ठरवलं, की नाझींच्या काळात जी ज्यू कुटुंबं वाचली, त्यांतल्या गावातल्याच एका कुटुंबाचं लहान मुलांसाठी चित्रपुस्तक काढायचं. चित्रं काढणारी नुरित पाटी वाचून आत आली.

"तुमच्या आई पोलंडमध्ये कुठल्या?"

पोलंडच्या त्या सासूबाई, आई नव्हे, असं म्हणायला हवं होतं. शिवाय त्या कधीच वारल्या होत्या. सिम्खा म्हणाली, "लहानसं गाव होतं." तिने बालवाडीत अशी वीसेक पुस्तकं वाचून दाखवली होती, गोष्ट तोंडपाठ होती.

"थंडी होती?"

"फार." हे खरं होतं. जादोच्या पठारावर रात्री हाडं गोठायची. पण नुरितच्या पेन्सिलीतून बर्फ पडायला लागला, आणि सिम्खाने चहा ओतला. इटालियन शिपायांच्या ट्रकांची आगगाडी झाली, तेव्हा तिने बिस्किटं पुढे केली.

पुस्तकावर नाव मात्र आईचं घातलं: गझालाची गोष्ट. तेवढं तरी खरं असावं, असं तिला वाटलं. नुरितला ते नाव कानाला गोड लागलं, तिने काही विचारलं नाही.

वाचनाच्या दिवशी वाचनालयात बालवाडी सतरंजीवर बसली. वाचायला सिम्खाच, आवाज काढते म्हणून. आईला तिने कळवलं नव्हतं, पण पोस्टरवरचं नाव शेजारणीने आईला वाचून दाखवलं होतं. गझाला नवा रुमाल बांधून, कानात सोन्याच्या कड्या घालून आली आणि पुढच्या बुटक्या खुर्चीवर बसली. "माझं बुस्तक छाबलंय," ती दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगत होती.

सिम्खाने वाचायला घेतलं. पुस्तकातली गझाला नाजूक, सुशिक्षित आवाजात बोलत होती. पाव, पाणी, पांघरूण. एकूण एक 'प' खणखणीत.

"सिम्खा," आईने मध्येच विचारलं, "ही बाई कोण?"

"ही तू आहेस, यम्मा."

गझालाने पुढे वाकून चित्र न्याहाळलं. "आणि हे बांढरं?"

"बर्फ."

"बर्फ," गझाला म्हणाली. हा शब्द तिला अगदी नीट म्हणता आला. "आमची धाकटी बहीण रुबीना बाण्यासाठी मेली. चार वर्षांची होती. एवढा बर्फ असता, तर मी तोच भरवला असता तिला."

नुरितने मागून विचारलं, "काय म्हणतायत आजी?"

"वय झालंय तिचं," सिम्खा म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

"हो, वय झालंय," गझाला समजुतीने म्हणाली. "तू वाच, बोरी."

सिम्खाने पुढचं पान उलटलं. तिथेही बर्फच. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, खांदे जरा पाडले, आणि तोंड उघडलं.

"आम्ही बाच दिवस ट्रकात होतो. वर ऊन, खाली बत्रा."

मुलं खदखदून हसली. हसणारच होती, तिनेच शिकवलं होतं. तिला उठून जावंसं वाटलं. ती उठली नाही.

"रुबीना म्हणायची, ताई, बाणी. मी म्हणायचे, बाहू, उद्या बाहू."

एक-दोन मुलं अजून हसत होती. मग तीही थांबली. आवाज हुबेहूब होता. वाक्य संपल्यावर आई नाकातून लहानसा श्वास सोडायची, तोही त्यात होता. असा आवाज एका दिवसात जमत नाही, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. गझालालाही कळत असावं. ती मुलांकडे बघत होती, जी पहिल्याच शब्दाला हसली होती.

"छान काढतेस माझा आवाज," ती म्हणाली. "कधीबासून?"

सिम्खाने मान खाली घातली. "खूप दिवसांपासून, यम्मा," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली.

गझालाने मांडीवरची पिशवी सारखी केली. "मग बुढे सांग," ती म्हणाली. "रुबीनाचं अजून राहिलंय."