एक माप मोठं वल्हं

आमच्या घरात कोणतीही वस्तू एक माप मोठीच यायची. हा बायकोचा कायदा. नातीचे बूट, फ्रॉक, माझा स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं. सत्तरी गाठलेला मी कुठं वाढणार होतो? पण दुकानात बोलायची ती, पिशवी धरायचा मी.

ती गेली त्याच वर्षी नातीला वल्हं लागलं. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. राज्य नवं, म्हणून नावेच्या शर्यतीचा संघही नवा. नात गावातल्या बुढातालाबात नाव वल्हवायला शिकायची. आता खळाळत्या नदीवर निवड होणार होती, अन् वल्हं ज्याचं त्यानं आणायचं, असं कोचनं सांगितलेलं. तिचे आई-बाप नोकरीवर. जन्मात पहिल्यांदा खरेदी माझ्यावर आली.

सदर बाजारातल्या खेळाच्या दुकानात दोनच वल्ही होती, दोन्ही लाकडी. या नावेत गुडघ्यावर बसून एका पात्याच्या वल्ह्यानं पाणी मारतात. म्हणून नात भर दुकानात गुडघे टेकून बसली अन् मूठ खाली, पातं वर करून दांडा मोजू लागली. लहान वल्ह्याचा दांडा नाकापाशी संपला. मोठ्याचा डोक्याच्या वर गेला.

"आजोबा, ये छोटावाला सही है." पोट्टीले मराठी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते.

"गप. वाढत्या अंगाची हायेस तू. अन् पातं पाह्य केवढं! जेवढं मोठं तेवढं पानी मागं जाईन."

दुकानदार म्हणाला, "दादाजी, चप्पू है, स्वेटर नहीं."

मी पातं बोटानं ठोकून पाहिलं, माठ ठोकतात तसं. काय ऐकायचं ते मलाही माहीत नव्हतं. मोठंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात त्या वल्ह्यानं तलावात जागच्या जागी गोल फिरली. मग पातं पाण्यात अडकलं, नाव आडवी झाली, अन् नात पाण्यात. बदकं उडाली.

कोच ओरडला, "ये किसने दिलाया?"

काठावरचे सगळे माझ्याकडं पाहू लागले. चणेवालासुद्धा.

वेगाच्या पाण्यात हात भरभर मारावा लागतो, मोठं पातं खांदा उखडते, असं कोचनं मला पुष्कळ लोकांसमोर समजावलं. दुकानात धावलो, तर लहान वल्हं विकलं गेलेलं. निवड परवावर.

उभा जन्म मी भनपुरीत ट्रकच्या लाकडी बॉड्या बनवल्या. म्हटलं, कापतो. पण कापलेलं लाकूड लांब होत नाही. चुकलो तर नात घरी बसणार. पातं रंध्यानं तासून लहान केलं, ते जमलं. मग तिला पाटावर गुडघे टेकून बसवलं, पाटापासून नाकापर्यंतचं माप घेतलं अन् पात्याकडून तेवढं मोजून मुठीच्या बाजूला दांड्यावर खूण केली.

"फिर दो उँगली ज्यादा छोड़ी?" तिनं पकडलंच.

"वर्षभरात वाढशीन ना तू."

"आजोबा, मुझे परसों जाना है."

करवत घेऊन मी बसूनच राहिलो. बायको गेल्यावर तिची पेटी उघडली होती, तर आत कोऱ्या लुगड्यांच्या घड्या. पुढं कधी नेसीन म्हणून ठेवलेल्या. त्यातलं एक तिला नेताना तिच्या अंगावर टाकलं, तेव्हा पदर कोणत्या बाजूचा तेही मला समजत नव्हतं. मला तिचा राग आला होता. अजून येतो.

खूण पुसली. नाकाच्या नेमक्या मापावर नवी मारली अन् कापलं. कापलेल्या टोकावर मूठ पक्क्या गोंदानं परत बसवली, वरून लाकडी खुंटी ठोकली.

निवडीच्या दिवशी सकाळपासून गल्लीतल्या फोनच्या दुकानात बसलो. दुपारी घंटी वाजली.

"आजोबा, लिस्ट में मेरा नाम आखिरी है!"

"आखरी? मंग एवढी काहून ओरडून राहिली?"

"है तो ना! और चप्पू एकदम ठीक चला. पर सर बोले, अगले साल छोटा पड़ेगा."

"पडू दे," मी म्हटलं. "तवा नवं घेऊ. त्या वर्षाच्या मापाचं."