वडिलांनी फुकट लिहिलेला करार

वकिलाला पैसे देणं आमच्या घरात अपमानच होता. वडील कोर्टात कारकून होते. निवृत्तीनंतर शहागंजातल्या कितीतरी दुकानांचे भाडेकरार त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत बसून लिहिले, तेही नुसत्या चहावर. मी बिडकीनच्या रस्त्याला जागा भाड्यानं घेऊन रोपवाटिका काढायचं ठरवलं आणि वकिलाचं नाव काढलं, तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. घरात माणूस असताना बाहेर पैसे कशाला ओततेस, म्हणाले. त्यांनी लिहिलं, मी सही केली. वडिलांचं लिखाण तपासून पाहणं आमच्याकडे उद्धटपणा ठरला असता.

शहर तेव्हा चहूकडे पसरत होतं. नव्या कॉलन्यांत प्रत्येकाला दारापुढं बाग हवी होती, आणि पावसाचा पत्ता नव्हता. मी बांगड्या मोडून बोअर घेतला. पाणी लागलं. आजूबाजूच्या विहिरी आटल्या, माझी रोपं तगली.

मुदत संपली आणि तोवर ताई-ताई करणारा जागामालक म्हणाला, जागा खाली करा. पाण्याला भाव आला होता, त्याला टँकर भरायचे होते. मी बोअरचं काय म्हणून विचारलं.

"बोअर तुमीच घेतला, व्हय. पण कागद तुमच्या वडलांनीच लिवलाय की. वाचा."

तेव्हा वाचला. भाडेकरूनं जागेत केलेली प्रत्येक कायमची सुधारणा मुदतीनंतर मालकाची, भरपाई नाही. दुकानात कुणी फरशी बसवतं, माळा टाकतं, त्यासाठीचं हे वाक्य. तेच जसंच्या तसं माझ्या बोअरवर येऊन बसलं होतं.

घरी येऊन मी वडिलांवर तुटून पडले. ते शांतपणे म्हणाले, "यात एक चूक दाखव."

तळपायाची आग मस्तकात गेली, कारण चूक नव्हतीच. त्यांच्याकडे कागद करायला यायचे ते सगळे मालक. मालकाचं हित त्यांच्या हाताला वळण लागावं तसं लागलेलं. या वेळी समोर भाडेकरू म्हणून आपली मुलगी बसली आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं, याचा मला जास्त संताप आला.

रोपं मुकुंदवाडीत एका ओळखीच्यांच्या मोकळ्या प्लॉटवर हलवली. निम्मी वाटेतच माना टाकून बसली. उरलेल्यांना टँकर मागवला. पाणी कुठलं, म्हणून ड्रायव्हरला विचारलं, तर त्यानं माझ्याच बोअरचा पत्ता सांगितला. लई गोड पाणी आहे, असंही वर सांगितलं. वडील शेजारीच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं.

त्या संध्याकाळी त्यांनी या प्लॉटचा करार कधी लिहायचा, असं विचारलं. मी म्हटलं, वकिलाकडे दिलाय.

"किती घेतो तो?"

"तुमच्यापेक्षा कमी," मी म्हटलं.