तीन म्हणताच मिटणारे डोळे

आमच्या ताईचे डोळे फोटोत कधी उघडे आलेच नाहीत. आणि घरात फोटोग्राफर कोण, तर मी! नारायणगुड्यात माझा स्टुडिओ, बाहेरच्या काचेत जगाच्या बहिणींचे हसरे फोटो, आणि सख्ख्या बहिणीचा एक फोटो धड निघेना.

परदेशी माल तेव्हा नुकताच खुला झाला होता. पूर्वी जो फ्लॅश कुणाच्या तरी दुबईच्या मामाकडून गुपचूप मागवावा लागे, तो मी दुकानात जाऊन चक्क बिल घेऊन आणला आणि गल्लीभर मिरवला. ताईला खुर्चीत बसवून ऐटीत म्हणायचो, "एक, दोन, तीन!" लख्ख उजेड पडायचा आणि रोल धुऊन आला की ताई आपली झोपलेली.

बाबांना तो फोटो नांदेडला पाठवायचा होता. आम्ही तीन पिढ्या बरकतपुऱ्यातले, पण सोयरीक बघायची ती तिकडची, मराठी मुलखातलीच. आधी फोटो जायचा, तो पसंत पडला तर माणसं गाडीत बसायची. ताई वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. जेवताना ते एकदाच म्हणाले, "परीक्षेचं काय ते सासरचे ठरवतील." त्यांचं वाक्य झालं की खाली सही झाली असं घरात समजत. ताईनं आमटी वाढून घेतली. मीही भात कालवत राहिलो.

त्याच सुमारास काचीगुड्यातल्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी माझा फ्लॅश बंद पडला. शेजारी व्हिडिओवाला हॅलोजनचा मोठा दिवा लावून उभा होता. तो हसून म्हणाला, "अरे मियाँ, इत्ता उजाला है, कैकू रो रै?" मग मी त्याच्याच उजेडात फोटो काढले. कुणी दचकलेलं नाही, सगळे आपल्या तंद्रीत. मला ते चेहरे फार आवडले. फक्त माझी फिल्म होती उन्हात काढायची, तिला तो दिवा मानवला नाही. सगळं वऱ्हाड पिवळंधमक! मुलीचे वडील स्टुडिओत येऊन ओरडले, "जावयाला कावीळ झालीय का हो आमच्या?" ही गोष्ट ऐकून बाबा आठवडाभर हसत होते. त्यावर भिंगापुढे निळी काच लावायची, हे मी नंतर शिकलो.

मग मला वाटलं, ताईसाठी हाच दिवा. एकदम चमकणार नाही, मग ती दचकणार कशाला? स्टुडिओच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दिवा मागून आणला, निळी काच लावली, ताईला बसवलं. उजेड तिच्या चेहऱ्यावर स्थिर पडला होता. आधीच्या फोटोंत मी तिला पाहिलंच नव्हतं म्हणा ना. अंधूक खोलीत नेम धरायचा आणि चमकवायचं, एवढंच. आता गालावरचा लहानपणचा व्रणसुद्धा दिसत होता. सवयीनं मी मोजू लागलो. "एक, दोन, तीन."

नेमका फिल्म पुढे सरकवायचा दांडा अडकला, म्हणून मी बटण दाबलंच नाही. आणि समोर ताईनं डोळे मिटले. घट्ट.

"झालं?" तिनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"ताई," मी म्हणालो, "दिवा मघापासून चालूच आहे. मिटलेस कशाला?"

 फ्लॅश पडल्यावर माणूस डोळे मिटतो, तोवर फोटो निघून गेलेला असतो. हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. म्हणजे ताई आधीच मिटत होती, दर वेळी, माझ्या 'तीन'वर. मीच मोठ्यानं मोजून तिला सांगत होतो!

तिनं डोळे उघडले, सरळ माझ्याकडे पाहिलं. दांडा सुटला होता. बटण दाबलं गेलं.

"तो नको पाठवूस रे," ती म्हणाली. "मला परीक्षा देऊ दे."

"मला सांगायचंस ना, ताई."

"तू किती हौसेनं मोजायचास!"

 लाज वाटली, अजून वाटते.

फोटो सुरेख आला होता. पाठवला असता, तर नांदेडकरांनी मिळेल ती पहिली गाडी पकडली असती! मी तो पाकिटात घालून खणात टाकला आणि बाबांना सांगितलं, "सगळा रोल पिवळा पडला." बाबा कपाळावर हात मारून म्हणाले, "त्या दिव्याचं नाव काढू नकोस पुन्हा." नांदेडकरांनी वाट पाहिली नाही, दुसरीकडे ठरवलं. तोवर ताईची परीक्षा झाली.

निकालानंतर काही दिवसांनी ती वकिलीच्या सनदेचा अर्ज घेऊन स्टुडिओत आली. फोटो हवा होता. मी खणातलं पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि पर्समध्ये ठेवून दिलं.

"हा माझ्याकडे राहू दे. अर्जासाठी नवा काढ," ती खुर्चीत बसत म्हणाली. "तो दिवा नको, तुझा फ्लॅशच लाव. आणि मोठ्यानं मोज."

मी एक म्हणालो, दोन म्हणालो. तीन म्हणायला माझाच आवाज फुटेना.

"म्हण की रे," ताई म्हणाली. ती टक्क उघड्या डोळ्यांनी वाट बघत होती.