दोन बोटं कमी

आमची ताई एकवीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतेय. माणसांशी तिचं जेमतेम जमतं, रेषांशी मात्र फार. पलंगावरची चादर तिरकी असली तर तिला झोप लागत नाही.

बाबांचे पाय गेले आणि ते चाकांच्या खुर्चीत आले. गॅलरीत बसून रस्ता बघायचा, एवढीच त्यांची मागणी होती. दार अरुंद होतं, ते रुंद करायला हवं होतं. नकाशा अर्थातच ताईने काढला.

कॉम्प्युटरवर रेषा ओढताना टोक आपोआप जवळच्या रेषेला जाऊन चिकटतं. त्याला स्नॅप म्हणतात. फार सोयीचं, पण ते आपलं मन ओळखत नाही. भिंतीच्या रेषा होत्या दोन, एक विटेची आणि एक गिलाव्याची. ताईला हवी होती गिलाव्याची, टोक चिकटलं विटेला. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणालीही, "मॅडम, मोठं करून बघा ना एकदा."

"माझे केस काय उन्हाने पांढरे झालेत?" ताईने तिला गप्प केलं.

गवंड्याने नकाशाबरहुकूम भिंत फोडली, वर गिलावा केला, त्या थराने दाराची जागा खाल्ली आणि खुर्ची दारात अडकली. दोन बोटं कमी! आम्ही बाबांना उचलून न्यायला निघालो तर ते भडकले. "मी काय पोतं आहे?" मग ताईचा चेहरा बघून हळूच म्हणाले, "असू दे गं. इथूनही दिसतं की."

तिथून दिसायच्या समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या.

"पुढच्या महिन्यात गवंड्याला परत बोलावते," ताई म्हणाली. पुढच्या महिन्यात तिचं ऑफिसचं काम निघालं. त्याच्या पुढच्या महिन्यात मीच म्हणालो, घाई काय आहे? खोटं कशाला सांगू, मला घरातल्या धुळीचा वैताग आला होता. चौथ्या महिन्यात बाबा गेले.

खुर्ची एका दवाखान्याला द्यायची ठरली. धुवायला म्हणून ताईने ती घडी करून गॅलरीकडे नेली. खुर्ची कुठेही न घासता दारातून आरामात बाहेर गेली.

ताई तिथेच उंबऱ्यावर बसली. "गेली बघ," म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.